हिवाळ्यात स्पीतीला निघालात तर मनालीला जाऊच नका

हिवाळ्यात मनालीकडून हिमाचलमधल्या स्पीतीला जाता येत नाही. चंदीगडला ज्याच्याकडून गाडी घेतली त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "अटल बोगदा झालाय, आता बाराही महिने रस्ता चालू." त्याच्या शब्दावर आम्ही मनाली गाठली आणि सहलीचे दोन दिवस तिथेच गेले. बोगदा २०२० पासून चालू आहे हे खरं. पण तो रोहतांग खिंड टाळून लाहौलच्या खोऱ्यात नेऊन सोडतो. स्पीतीतल्या काझा गावासाठी त्यापुढे कुंझुम खिंड ओलांडावी लागते, साडेचार हजार मीटरवरची, आणि तिच्या पोटात बोगदा नाही. नोव्हेंबरच्या सुमारास ती बंद झाली की मे-जूनपर्यंत विसरायची. औटवरून जलोडी खिंडीने रामपूरला उतरू म्हटलं, तर तीही बर्फाखाली. शेवटी मंडीवरून शिमल्याला वळसा. तो संताप अजून गेलेला नाही.

म्हणजे रस्ता एकच: शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. तीन दिवस द्या, दोनात उरकू नका. उंची अंगवळणी पडायला पिओ किंवा कल्पाचा मुक्काम हवाच. ताज्या बर्फाने कुफ्री-नारकंडा पट्टा अडला, तर बसंतपूर-किंगलमार्गे खालच्या अंगाने जाता येतं. रामपूर ते पिओ दरडींचा रस्ता आहे, पण उजेडात निघतो.

खरी परीक्षा मलिंग नाल्याची. नाको सोडलं की चांगोच्या आधी हा उतार येतो. वरून झिरपणारं पाणी रात्री रस्त्यावरच गोठतं आणि सकाळी डांबर नुसतं ओलं दिसतं. आम्ही साडेसातला तिथे पोहोचलो, ही चूक. मित्राने ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी आडवी होऊन दरीच्या कडेकडे सरकत गेली. मातीच्या ढिगाऱ्याला चाक टेकलं म्हणून थांबलो. त्यानंतर अर्धा तास कोणी बोललं नाही. उशिरा गेलात तर उन्हाने सैल झालेले दगड वरून सुटतात. म्हणून दहा-साडेदहाला, पुढच्या गाड्यांनी माती टाकून वाट केल्यावर पार करा. पहिला गिअर, ब्रेकला पाय अजिबात लावायचा नाही, आणि चालक सोडून सगळे खाली उतरून चालत. एक पोतं वाळू सोबत ठेवा. आम्हाला तिथे फावडंभर मातीसुद्धा मागून घ्यावी लागली.

बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या वाटेत भाड्याने घेऊ नका. आमच्याकडून दोन दिवसांचे चार हजार घेतले आणि त्या टायरच्या मापाच्या नव्हत्या. नाल्यावर बर्फात गुडघे टेकून बसल्यावर ते कळलं. निघण्यापूर्वी विकत घ्या आणि घरीच दोनदा चढवून बघा.

रस्ता चालू आहे का, हे हॉटेलवाल्याला विचारू नका, त्याला गिऱ्हाईक हवं असतं. पिओच्या बसस्थानकावर जाऊन काल काझाची बस आली का, एवढंच विचारा. आली असेल तर निघा. नसेल तर तिथेच थांबा, कितीही बुकिंग वाया गेलं तरी.

मैदानात भरलेलं डिझेल तिथल्या थंडीत घट्ट होतं, त्यामुळे जमल्यास पेट्रोल गाडीच न्या. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावा. काझात पंप आहे, तरी पिओच्या आसपास टाकी भरूनच वर चढा.

ताबो, की आणि धनकरचे बौद्ध मठ, सगळं पाहिलं, सुरेख आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. काझात पारा उणे वीसच्या खाली गेला होता. नळ गोठलेले असतात, बादलीभर पाण्यावर दिवस काढायची तयारी ठेवा.

परतीच्या तिकिटाआधी किमान तीन दिवस मोकळे सोडा. पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात बर्फ घेऊन येणारं वादळ) आला की खालचा रस्ताही बंद होतो आणि काझातून बाहेर पडायला दुसरी वाट नसते. आम्ही एकच दिवस सोडला होता. विमान चुकलं, तरी नाको उतरताना रडू येईल इतका आनंद झाला, कारण मलिंग दुसऱ्यांदा मागे पडला होता.