विंटर टेक्सन होताना: माझा अनुभव

मिनेसोटात निवृत्त झालेल्या मराठी माणसापुढे हिवाळ्यासाठी साधारण दोन वाटा असतात. एक पुण्यातल्या फ्लॅटकडे जाते, दुसरी कॅलिफोर्नियातल्या लेकीकडे. पहिली आम्ही बरीच वर्षं वापरली. पण नवऱ्याचा गुडघा बदलल्यावर एवढा विमानप्रवास नकोसा झाला. शिवाय मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, भारतात चालत नाही, आणि सत्तरी जवळ आल्यावर ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. चार महिने लेकीकडे राहणं तिलाही झेपलं नसतं आणि आम्हालाही. अशात नवऱ्याच्या जुन्या ऑफिसातल्या एकानं टेक्सासचा विषय काढला. ह्यूस्टन-डॅलसचा नव्हे, अगदी तळाच्या, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या रिओ ग्रांदे व्हॅलीचा.

मिशन, मॅकॲलन, डॉना, वेस्लाको, हार्लिंजन अशी तिथली गावं एका ओळीत आहेत. नोव्हेंबरपासून आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या मॅनिटोबाहून निवृत्त माणसं हजारोंनी तिथे उतरतात आणि मार्च सरता सरता परततात. त्यांना तिथे विंटर टेक्सन म्हणतात. त्यातले पुष्कळजण पार्कात, म्हणजे अशा लोकांसाठीच्या वसाहतीत, राहतात. एकेक जागा आखून दिलेली असते. काही त्यावर आपली आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, आणून लावतात, काहींचं पार्क मॉडेल असतं, म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर बांधलेलं ४०० चौरस फुटांच्या आतलं घर. ते विकत घेतलं तरी खालची जमीन पार्काचीच, तिचं भाडं वेगळं. पहिल्या हिवाळ्यात आम्ही काहीच विकत घेतलं नाही, वेस्लाकोजवळ एक पार्क मॉडेल भाड्यानं घेतलं. नवीन माणसाला मी अजूनही तेच सांगते.

अर्ज मागवला तेव्हा भाडेकराराचे दोन-तीन कागद येतील असं वाटलं होतं. आलं ते बाड होतं. वयाचा पुरावा, पार्श्वभूमी-तपासणीला संमती, अडीनडीला कुणाला फोन करायचा त्याचं नाव, गाडीचा नंबर, कुत्रं असल्यास त्याचं वजन. वयाच्या पुराव्यामागे कायदा आहे. अमेरिकेत लहान मुलं आहेत म्हणून कुणाला घर नाकारता येत नाही, पण १९९५च्या कायद्यानुसार वसतीतल्या किमान ८० टक्के घरांत ५५ किंवा त्याहून मोठं एक तरी माणूस असेल तर अशा पार्काला सूट मिळते. नातवंडं किती दिवस राहू शकतात, याचाही नियम त्याच बाडात होता. गोल्फ कार्टचा वेग, कपडे वाळत घालायची जागा, रात्री आवाज कधी बंद करायचा, सगळं होतं. आणि शेवटच्या पानावर एकच प्रश्न: तुम्हाला काय काय येतं? खाली चौकटी. सुतारकाम, पियानो, शिवण, २०० माणसांचा स्वयंपाक, ध्वनियंत्रणा, प्रथमोपचार, हिशेब. नवऱ्यानं सुतारकामावर खूण केली. (घरातलं एक कपाट गेली दहा वर्षं अर्धवट आहे, ते असो.) मी नोकरीभर हिशेबच केले होते, म्हणून हिशेबावर केली. ते पान मला भरतीचं, हौसेखातर घातलेलं वाटलं. पुढे कळलं की अख्खा पार्क त्या पानावर चालतो.

निघण्याआधीची तयारी जास्त किचकट होती. हिवाळाभर मिनेसोटात घर रिकामं ठेवायचं म्हणजे पाइप फुटण्याची भीती. पाण्याची मुख्य तोटी बंद केली, सगळे नळ उघडून पाइप रिकामे केले, हीटिंग ५५ फॅरनहाइटवर ठेवलं. विम्याची पॉलिसी मात्र नीट वाचावी. घर बंद असताना हीटिंग चालू होतं आणि कुणीतरी अधूनमधून आत डोकावत होतं, हे दाखवता आलं नाही तर भरपाईवर प्रश्न येऊ शकतात. आम्ही शेजाऱ्याला किल्ली दिली. टपाल आठवड्याच्या गठ्ठ्यानं पाठवायची सोय पोस्टातच आहे. मेडिकेअरचं म्हणाल तर आमचं मूळ मेडिकेअर आणि वरची पुरवणी पॉलिसी आहे, त्यामुळे मेडिकेअर घेणारा टेक्सासचा डॉक्टरही चालतो. ज्यांचा ॲडव्हांटेज प्लॅन, म्हणजे खासगी विमा कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर, आहे त्यांचं नेटवर्क बहुधा घराजवळचंच असतं आणि बाहेर फक्त तातडीच्या गोष्टी भागतात. योजना बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, तेव्हा हा विचार बॅगा भरायच्या आधी व्हायला हवा.

रस्ता सोपा आहे. आय-३५ हा महामार्ग मिनेसोटातल्या दुलूथपासून टेक्सासच्या लरेडोपर्यंत सरळ उतरतो. आम्ही सॅन अँटोनियोला तो सोडून आय-३७ आणि मग २८१ नंबरचा महामार्ग धरला. अंगावरची जाड जाकिटं ओक्लाहोमात निघाली.

पार्कात पोचल्यावर सभागृहाबाहेर महिन्याचं वेळापत्रक लावलेलं दिसलं. पाण्यातला व्यायाम, लाइन डान्स, पिकलबॉल (टेनिससारखा, पण छोट्या कोर्टावरचा खेळ), लाकडावरचं कोरीवकाम, क्विल्टिंग, मेक्सिकन ट्रेन नावाचा डॉमिनोचा डाव, दुपारी गिटार-फिडल घेऊन जमणारी जॅमची मंडळी. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत एक चौकट रिकामी नाही. आणि माणसं इतकी हसरी की जाता-येता प्रत्येक गोल्फ कार्टमधून हात वर होतो. पण हात करून कार्ट पुढे जाते. ही मंडळी वीस-वीस हिवाळे एकमेकांना ओळखतात. सभागृहातल्या खुर्च्यांवर नावं नसतात, पण कोण कुठे बसतो ते ठरलेलं असतं. सुरुवातीचे काही आठवडे आम्ही जेवणाला जायचो, कोपऱ्यात बसायचो, "वेदर काय छान आहे" एवढं बोलून परत यायचो. अख्ख्या पार्कात भारतीय आम्ही दोघंच. पुण्यातला फ्लॅट उगाच भाड्यानं दिला, असं नवरा एकदा म्हणालाही.

मग एका संध्याकाळी फोन आला. शनिवारच्या पॅनकेक नाश्त्याला तिकिटांच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि "तुमच्या अर्जावर हिशेब लिहिलंय." काम अगदी साधं. पैसे घ्यायचे, तिकीट फाडून द्यायचं, अर्धुकं डब्यात टाकायचं, शेवटी दोघींनी मोजून पाकिटावर सह्या करायच्या. पण त्या टेबलावरून न जाता कुणालाच पॅनकेक मिळत नाही. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव, राज्य आणि जागेचा नंबर असतो. दोन शनिवारांत मला निम्मा पार्क नावानं कळला आणि त्यांना मी. त्यानंतर कार्टा थांबायला लागल्या.

मला वाटतं, आपल्याकडची माणसं इथे अडतात ती याच जागी. आपण आमंत्रणाची वाट बघतो. इथे आमंत्रण म्हणजे भिंतीवर लावलेला नावनोंदणीचा कागद. त्यावर आपणच पेन्सिलीनं नाव लिहायचं. आणि नुसतं खेळायला नव्हे, खुर्च्या रचायला, कॉफी करायला, दिवे उतरवायलासुद्धा. मंडळाच्या कामात आयुष्य गेलेल्या मला एक गोष्ट भलतीच गमतीची वाटली: आमच्याकडे अध्यक्ष कोण यावरून भांडणं, इथे अध्यक्षपद कुणाच्या तरी गळ्यात मारावं लागतं आणि भांडणं होतात ती खुर्च्या कशा रचायच्या यावरून.

ओळखी झाल्या की पुढचा प्रश्न ठरलेला. बिल्ल्यावर मिनेसोटा आहे, पण त्याआधी कुठलं? सातारा म्हटल्यावर एका आयोवाच्या शेतकऱ्यानं विचारलं, तिथे काय पिकतं. सोयाबीन म्हटल्याबरोबर त्यानं खुर्ची ओढून घेतली. उतारा किती, पेरणी कधी, पाणी आहे का. माझ्या धाकट्या दिरालासुद्धा मी एवढे प्रश्न कधी विचारले नव्हते. उसाचा विषयही तिथेच निघाला, कारण त्या हिवाळ्यात आमच्या घरापुढच्या ओट्यावर काळी राख पडायची. व्हॅलीत तोडणीआधी ऊस पेटवून पाचट जाळत, आणि हवेतून उडत येणाऱ्या त्या राखेला तिथली माणसं काळा बर्फ म्हणत. आमच्याकडे जळीत ऊस म्हटला की कारखाना भाव कापतो, हे त्याला ऐकूनच आश्चर्य वाटलं. आता राख येत नाही. सांता रोसाचा कारखाना, टेक्सासमधला शेवटचा साखर कारखाना, २०२४मध्ये पाण्याअभावी बंद पडला. मेक्सिकोनं अमेरिकेला सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीचं किती पाणी द्यायचं याचा १९४४चा करार आहे, ते पाणी वेळेत येत नाही ही इथली जुनी तक्रार. पार्कातल्या पुष्कळांना ओटा स्वच्छ राहतो याचाच आनंद आहे. मला कारखाना बंद पडलेलं गाव कसं दिसतं ते माहीत आहे, मी त्यात सामील होत नाही.

खेळांत नवऱ्याला शफलबोर्डनं पकडलं. ५२ फूट लांब, ६ फूट रुंद सिमेंटची पट्टी, हातात लांब दांडी, तिनं चकत्या ढकलायच्या. एका बाजूच्या चार पिवळ्या, दुसऱ्याच्या चार काळ्या. समोरच्या त्रिकोणात १०, ८ आणि ७ गुणांची घरं, आणि तळाशी एक घर असं की तिथे चकती थांबली तर १० गुण वजा. कॅरमचाच हा उभ्यानं खेळायचा थोरला भाऊ. आपली चकती दुसऱ्या चकतीआड लपवायची, समोरच्याची ढकलून वजावाल्या घरात घालायची. लहानपणी गल्लीत कॅरम खेळलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. गुडघ्याला वाकावंही लागत नाही. आता तो पार्काच्या संघातून दुसऱ्या पार्कांत सामन्यांना जातो आणि घरी येऊन प्रत्येक चकतीचं वर्णन करतो. पिकलबॉलच्या वाटेला मात्र आम्ही दोघंही गेलो नाही. तिथले आवाज आणि मुरगळलेले घोटे, दोन्ही लांबूनच बरे.

शाकाहाऱ्यांसाठी पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, हे खरं प्रकरण आहे. फरसबीच्या शेंगांत बेकन, बीन्समध्ये बेकन, सॅलडवरही बेकनचा चुरा. विचारलं की उत्तर येतं, "मांस नाहीये त्यात, थोडंसं बेकन आहे." तक्रार करून उपयोग नव्हता. पुढच्या वेळी स्वयंपाकाच्या गटाच्या कागदावर मी नाव लिहिलं आणि पदार्थांपुढे घटकांच्या चिठ्ठ्या ठेवायचं काम मागून घेतलं. चिठ्ठ्यांचा फायदा मधुमेहवाल्यांना आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना जास्त झाला, त्यामुळे ती पद्धत टिकली. सामानाची अडचण म्हणाल तर व्हॅलीत ती मिनेसोटापेक्षा कमी आहे. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, चिंच, पेरू, पपई कोपऱ्यावरच्या दुकानात. पिलोनसियो नावाचे शंकूच्या आकाराचे तपकिरी खडे मिळतात, तो चक्क गूळ. जानेवारीत त्याचेच तिळाचे लाडू केले आणि कॉफीच्या सकाळी ताटलीत ठेवले. नदीपलीकडे मेक्सिकोतल्या नुएवो प्रोग्रेसोला पासपोर्ट घेऊन पुलावरून चालत जाता येतं. पार्कातले लोक दातांसाठी जातात, कारण मूळ मेडिकेअर नेहमीच्या दातांच्या कामाचे पैसे देत नाही. आम्हीही त्यासाठीच गेलो, आणि रस्त्याच्या कडेला राजगिऱ्याच्या वड्या विकायला होत्या. तिथे त्यांना आलेग्रिया म्हणतात. राजगिरा मुळात तिकडचाच. माझ्या एकादशीची सोय झाली.

पासपोर्टाची गरज पुलापुरती नाही, हेही सांगून ठेवते. व्हॅलीतून उत्तरेला जाताना २८१वर फाल्फुरियसजवळ तपासणी नाका आहे, तिथे देशातल्या देशात नागरिकत्व विचारतात. आम्ही पासपोर्ट कार्ड गाडीतच ठेवतो. दोन मिनिटांचं काम.

या पार्कांच्या जाहिरातींत जे नसतं तेही आहे. रात्री अँब्युलन्स आली की सकाळी कॉफीवर सगळ्यांना ठाऊक असतं कुठल्या जागेपुढे थांबली. नोव्हेंबरच्या पहिल्या कॉफीला उन्हाळ्यात गेलेल्यांची नावं वाचतात. आयोवाचा तो सोयाबीनवाला गेल्या यादीत होता. त्याच्या बायकोनं घर विकायला काढलं, एकटीनं एवढी गाडी चालवणं नको म्हणून. अशा विक्रीच्या पाट्या दर हंगामाला असतात, आणि खरं सांगायचं तर आमचं आताचं पार्क मॉडेलही आम्हाला तशाच पाटीवरून मिळालं.

मराठी बोलायला माणूस लागतोच, त्यांनी पुण्याचाच फ्लॅट ठेवावा. आम्ही रविवारी व्हिडिओ कॉलवर भागवतो आणि एरवी एकमेकांशी भांडतो मराठीत.

मार्चअखेर आवराआवर. फ्रीज रिकामा करून दार उघडं ठेवायचं, मुंग्या-झुरळांची फवारणी, पाणी आणि गॅस बंद. जूनपासून वादळांचा हंगाम असतो. २०२०च्या जुलैत हॅना वादळानं व्हॅलीला झोडपलं होतं. म्हणून ओट्यावरच्या खुर्च्या, कुंड्या सगळं आत, आणि घर जमिनीला बांधणाऱ्या पट्ट्या तपासून घ्यायच्या. बारा महिने तिथेच राहणारी थोडी मंडळी असतात, त्यांतल्या एकाकडे किल्ली. तो आठवड्याला चक्कर मारतो आणि त्याच्या बदल्यात पैसे घेत नाही. नवऱ्यानं त्याला शेल्फ करून द्यायचं कबूल केलंय. ते अजून व्हायचंय.