बुओना व्हिस्टा ते बायोपोलिस: पाट्या वाचत केलेला प्रवास

सिंगापूरच्या बायोपोलिस या जैववैद्यकीय संशोधन संकुलात मला दोन दिवसांच्या चर्चासत्रासाठी जायचे होते आणि टॅक्सी न करता मेट्रोने व पायीच जायचे, असे मी निघण्यापूर्वीच ठरवले होते. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांतून मुलाखतीसाठी इथे येणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून वाट कशी सापडते ते तपशिलाने लिहीत आहे.

चांगी विमानतळावरून निघाल्यावर तानाह मेराह स्थानकात गाडी बदलून हिरव्या ईस्ट-वेस्ट मार्गाने पश्चिमेकडे जावे. इथे प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक क्रमांक असतो. तानाह मेराह म्हणजे ईडब्ल्यू ४ आणि बुओना व्हिस्टा म्हणजे ईडब्ल्यू २१, त्यामुळे किती स्थानके उरली हे वजाबाकीने कळते. अनोळखी नावे कानावर पडत असताना मला या आकड्यांचाच आधार वाटला.

पहिल्या दिवशी मी मात्र चुकलो. निमंत्रणपत्रात ‘वन-नॉर्थ’ असे वाचून मी बुओना व्हिस्टाला सर्कल मार्गाची गाडी पकडली आणि पुढच्या, सीसी २३ क्रमांकाच्या, वन-नॉर्थ स्थानकात उतरलो. वास्तविक वन-नॉर्थ हे सुमारे २०० हेक्टरांच्या संपूर्ण परिसराचे नाव आहे. सिंगापूर विषुववृत्ताच्या एक अंश उत्तरेस आहे, त्यावरून ते ठेवलेले आहे. याच परिसरात बायोपोलिसही येते आणि फ्युजनोपोलिसही. फ्युजनोपोलिसला जाणाऱ्यांनी वन-नॉर्थला उतरावे, बायोपोलिससाठी बुओना व्हिस्टा सोयीचे. परिसर आणि स्थानक यांचे नाव एकच असेल, तर नवख्या माणसाची अशी गल्लत होणारच.

बुओना व्हिस्टाला ईस्ट-वेस्टचा फलाट उंचावर आहे, तर २०११ साली सुरू झालेला सर्कल मार्गाचा फलाट जमिनीखाली. बाहेर पडण्याच्या दारांना अक्षरे दिलेली आहेत आणि कोणत्या दारातून कोणता रस्ता गाठता येतो, याची यादी फलकावर असते. ती यादी वाचूनच बाहेर पडावे, कारण चुकीच्या दारातून गेल्यास रुंद रस्ता ओलांडण्यासाठी बराच फेरा पडतो. स्थानकातल्या परिसराच्या नकाशाचे छायाचित्र मी काढून घेतले आणि दोन्ही दिवस तेच वापरले.

खरी कसोटी संकुलात लागते. २००३ साली पहिल्या टप्प्यात उभ्या राहिलेल्या सात इमारतींची नावे नॅनोस, जीनोम, हेलिओस, क्रोमोस, प्रोटिओस, मॅट्रिक्स आणि सेंट्रोस अशी आहेत. न्यूरोस व इम्युनोस पुढच्या टप्प्यातल्या. नावे विज्ञानाला शोभणारी आहेत, मला ती आवडलीही. परंतु त्यांत क्रम नाही, त्यामुळे जीनोमच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला प्रोटिओस कोणत्या दिशेला आहे, हे नावावरून समजत नाही. रस्त्यांची नावेही बायोपोलिस वे, बायोपोलिस स्ट्रीट, बायोपोलिस ड्राइव्ह अशी असल्याने शेवटचा शब्द आणि घरक्रमांक दोन्ही वाचणे आवश्यक ठरते: जीनोम म्हणजे ६० बायोपोलिस स्ट्रीट, प्रोटिओस म्हणजे ६१ बायोपोलिस ड्राइव्ह. माझ्या मते अशा संकुलात क्रमांक नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि चालणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर असावा.

आपल्याला पिंपळाच्या पारावरून किंवा देवळावरून पत्ता सांगायची सवय असते. इथे सर्वांत भरवशाची खूण म्हणजे सहा आकडी पिनकोड. सिंगापुरात सहसा प्रत्येक इमारतीला स्वतंत्र पिनकोड असतो. जीनोमचा १३८६७२ आणि प्रोटिओसचा १३८६७३ आहे, आणि मोबाइलच्या नकाशात तो आकडा टाकला की थेट ती इमारत दिसते. खोलीच्या पत्त्यात आधी मजला आणि नंतर दालन येते, म्हणजे ०७-०१ असे लिहिलेले असेल तर सातव्या मजल्यावर जावे. इमारतींना जोडणारे पूल वर दिसतात, पण पाहुण्याने जमिनीवरूनच जावे आणि स्वागतकक्षात नोंद करावी.

मेट्रो स्थानकांच्या ४०० मीटरांच्या आतील शाळा, दवाखाने व अन्य वर्दळीच्या ठिकाणांपर्यंत छप्पर असलेल्या पायवाटा नेण्याची योजना तिथल्या सरकारने २०१३ साली जाहीर केली होती. दुपारच्या पावसात या छपरांचे मोल कळते, आणि पाटी सापडली नाही तरी छप्पर कुठे जाते ते पाहून मी दोनदा स्थानकाकडे परतलो. ते सर्वत्र सलग असेलच असे धरू नये. छत्री जवळ ठेवावी, आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटे हाताशी राखून निघावे.