तुम्ही विचारलंत म्हणून: पोट्टे पाहता का मोबाइल?

ग्रामसभेत, लग्नाच्या मांडवात, एसटीत, कुठंही भेटा, प्रश्न हाच: "बाई, अंगणवाडीत पोट्टे पाहता का मोबाइल?" आजवर हसून टाळलं. आज सांगते.

पोषण ट्रॅकर, म्हणजे पोरांची वजन-उंची भरायचं सरकारी मोबाइल ॲप, 2021 साली आला. त्याआधीच्या अकरा रजिस्टरांत वजनं काही ठिकाणी कशी भरली जात, ते माझ्या तोंडून वदवू नका. म्हणून सुरुवातीला मीच बाकीच्या सेविकांशी वाद घालायचे, की बरं झालं, आता बसल्या जागी आकडे टाकता येणार नाहीत. त्याच वर्षी राज्यभर सेविकांनी सरकारनं दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले, तेव्हाही माझं म्हणणं तेच: मोबाइल भंगार आहे, पद्धत नाही.

मग अडलं कुठं? एका पोराच्या उंचीवर.

दीड वर्षाचं पोरगं. आई कापूस वेचायला गेलेली, आजीनं आणलेलं. दोन वर्षांखालचं लेकरू आडवं झोपवून मोजतात. मदतनीस डोकं पाटीला टेकवून धरते, मी गुडघे दाबून तळव्यांना पट्टी लावते. पोरगं रडतं, अंग टाकतं, पाय आखडून घेतं. मोजलं, वजन टाकलं. ॲप म्हणे सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषण: उंचीच्या मानानं वजन फारच कमी. आजी म्हणे, "आमच्या घरचे सारेच लुकडे हायेत, बाप्पा." साऱ्या गावाला तसंच वाटत होतं. ॲपनं ते पकडलं, हे नाकारत नाही.

संध्याकाळी वरून फोन. "तुमच्याकडे सॅम वाढलं. उंची नीट मोजा." आवाजात राग नव्हता, त्यांनाही त्यांच्या वरून आलेला. 'नीट' म्हणजे काय, ते आम्हाला कळतं. गुडघे जरा ढिले सोडायचे. उंची दोनेक सेंटिमीटर कमी भरते आणि त्या उंचीला तेच वजन बरं दिसतं. पोरगं खुजं ठरेल, पण सॅममधून निघेल. ना औषध, ना जादा घास, नुसते गुडघे!

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, गुडघे दाबूनच. आकडा तोच आला, तोच भरला. पोराला ग्राम बाल विकास केंद्रात घेतलं, तिथं कुपोषित पोरांना जादा आहार देतात. आढावा बैठकीत मला उभं करून विचारलं, सॅम का वाढलं? पोरगं आता जेवतं का, हे कोणी विचारलं नाही. आधी आकडा पोराचा होता, आता माझा झालाय.

आणि 2025 पासून घरपोच आहाराची पाकिटं द्यायला ॲपमध्ये आईचा चेहरा लागतो. आईनं कॅमेऱ्यात पाहून पापण्या मिटायच्या. आई वावरात, ओटीपी येतो तो फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा कामाला पुण्याकडे. पाकिटं समोर रचलेली, अन् आजी म्हणते, "माह्यं तोंड नाही चालत काय?" यानं चोरी थांबते म्हणतात. थांबतही असेल.

तर हो, मोबाइलच पाहते. तरी रजिस्टरं परत आणा, असं काही मी म्हणणार नाही. शेजारच्या गावची नवी सेविका मोजमाप शिकायला येणार आहे. गुडघे कसे दाबायचे ते दाखवीन. फोन आल्यावर काय बोलायचं, ते माझंच अजून ठरत नाही.