पगार कमी म्हणून घरकाम जास्त?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ‘नवऱ्याला साठ हजार, मला पंचवीस. मग घरचं मीच जास्त करावं, हे बरोबरच ना?’ लग्नाला चार-पाच वर्षं झालेल्या जोडप्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. विचारतात बहुतेक बायकाच.

बरोबर नाही. घरखर्चात कोणी किती घालायचे, ते पगारावरून ठरवा. कामं वाटताना तास मोजा.

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात जाणारा सकाळी सातला घर सोडतो आणि साडेसातला परततो. साडेबारा तास. नागपुरातच धरमपेठेतल्या शाळेत शिकवणारी बायको सात ते एक बाहेर, वर दीड तास वह्या तपासणं. साडेसात तास. या पाच तासांतलं घरकाम तिच्याकडे जाणं रास्तच आहे. पण रविवारी तो फरक शून्य होतो, आणि हिशेब फसतो तो इथेच: त्याला सुट्टी, तिला आठवड्याचं साचलेलं. 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी 299 मिनिटं देत होत्या, तर करणारे पुरुष 97. आणि करणारे पुरुष मुळात चारात एकच!

आधी सात दिवस फ्रिजवर कागद लावा, रविवार धरून. प्रत्येकाचे दोन रकाने: ‘केलं’ आणि ‘लक्षात ठेवलं’. मूल झोपलंय, पण तुम्हाला घर सोडता येत नाही, तो वेळही लिहा, वेगळ्या शाईनं. संध्याकाळी आठवून लिहू नका. बारीक कामं गळतात आणि मग भांडण कामावरून न होता कागदावरूनच होतं.

कागद भरला की दिसतं की कामांची संख्या निम्मी-निम्मी असूनही वेळ तसा नाही. आपल्याकडचं ठळक उदाहरण कूलरचं. ‘कूलर मीच लावतो,’ असं पुरुष अभिमानानं सांगतात. गवत बदललं, पंप तपासला, मार्चमधला एक रविवार गेला. पुढे पाऊस येईपर्यंत रोज पाणी भरणं आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासणं (डेंग्यूच्या डासाला तेवढे दिवस पुरतात) हे कोणाच्याच नावावर नसतं, म्हणजे तिच्या नावावर असतं.

म्हणून काम तुकड्यानं देऊ नका, मुळापासून द्या. ‘पोळ्यांना बाई आहे, आता उरलं काय?’ रोज सोळा पोळ्या म्हणजे साधारण अर्धा किलो कणीक, महिन्याला पंधरा किलो दळण. वर्षाचा गहू उन्हाळ्यातच भरत असाल तर पावणेदोन क्विंटलच्या वर: वाळवायचा, निवडायचा, एरंडेल चोळून कोठीत भरायचा. शिवाय बाईच्या सुट्ट्या, तिचा पगार. ही सगळी साखळी एकाकडे जाऊ द्या. ‘सांग, मी दळून आणतो’ यात पिठाचा डबा बघण्याचं काम तिच्याकडेच राहतं. पहिल्या महिन्यात पीठ संपेल. संपू द्या, त्या रात्री खिचडी करा. आठवण करून दिलीत तर काम परत तुमच्याकडे येईल.

मुलासाठी एकानं नोकरी सोडायची असेल तर ‘पाळणाघराचे पैसे वाचले’ एवढ्यावर हिशेब थांबवू नका. भविष्य निर्वाह निधीत पगारातून 12 टक्के आणि कंपनीकडून तेवढेच जात होते, ते थांबतात. मूळ पगार वीस हजार असेल तर महिन्याला 4,800, वर्षाला 57,600 रुपये. कमावणाऱ्यानं ही रक्कम घरी थांबणाऱ्याच्या नावानं पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, सरकारची बचत योजना) भरावी. वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत ती सहज बसते. मुदतठेव केली तर तिचं व्याज पैसे देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. पीपीएफचं व्याज करमुक्त, त्यामुळे ती भानगड नाही. भरण्याची तारीख मात्र महिन्याच्या 5च्या आत ठेवा, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.