कोळंबीच्या कल्ल्यापासून सीडीएनएपर्यंत : माझा अनुभव

माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पाचा प्रश्न दिसायला साधा होता. उन्हाळ्यात खाडीचं पाणी तापलं, की कोळंबीच्या शरीरात एचएसपी-७० हे जनुक किती जोरात कामाला लागतं? उष्णतेने पेशीतली प्रथिनं बिघडू लागली की त्यांना सावरून धरणारं प्रथिन या जनुकापासून तयार होतं. पण याचं उत्तर कोळंबीच्या डीएनएत सापडत नाही. पाणी गार असो की गरम, डीएनए तोच राहतो. कोठीत वर्षभराचं धान्य भरलेलं असलं, तरी आज चुलीवर काय चढलंय ते कोठी बघून कळत नाही. ते सांगतो आरएनए, म्हणजे जनुकाची त्या घटकेला काढलेली प्रत. आणि आरएनए फार नाजूक. आपल्या बोटांवर, धुळीत, टेबलावर, सगळीकडे त्याला तोडणारी एन्झाइम्स असतात. म्हणून त्याच्यावरून टिकाऊ डीएनए बनवून घ्यायचा. तो सीडीएनए, कॉम्प्लिमेंटरी डीएनए.

पहिली अडचण कोळंबीचीच. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कोळंबीला तोटा नाही, पण ट्रॉलरवरून उतरते ती बर्फात घातलेली, मेलेली. मेल्यावर पेशीतला आरएनए झपाट्याने बदलतो आणि तुटतो, म्हणून मला जिवंत हवी होती. शिवाय मासेमारीबंदी १ जूनपासून, आणि मला तर मे महिन्यातलंच तापलेलं पाणी हवं होतं. शेवटी भाट्याच्या खाडीत पाग टाकणारे एक काका तयार झाले. "गो बाय, जिवंत कशाला हवी तुला? ताजी पुरते की खायला," असं म्हणत का होईना, त्यांनी बादलीत हलक्या हाताने सोडून दिल्या. बॅटरीवरचा हवेचा पंप लावून त्या प्रयोगशाळेपर्यंत आणल्या. काही दिवस टाकीत रुळू दिल्या, मग अर्ध्या खाडीच्या नेहमीच्या तापमानाच्या पाण्यात आणि अर्ध्या त्याहून गरम पाण्यात ठेवल्या.

नमुना म्हणून कल्ले घेतले. यकृत-स्वादुपिंड दोन्हीचं काम करणारा त्यांचा अवयव मोठा असतो खरा, पण तो पाचक एन्झाइम्सनी भरलेला, तिथे आरएनए टिकवणं कठीण. कल्ले काढले की लगेच ट्रायझॉलमध्ये. ट्रायझॉल हा फिनॉल असलेला गुलाबी द्रव आहे. अंगावर पडला तर भाजतो, म्हणून ते काम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचं. त्यात क्लोरोफॉर्म घालून नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात गरागरा फिरवली की तीन थर होतात : खाली गुलाबी, मध्ये पांढरट साय, वर पाण्यासारखा स्वच्छ थर. आपला आरएनए त्या वरच्या थरात. तो पिपेटने उचलताना पांढऱ्या सायीला टोक लागता कामा नये, कारण डीएनए तिथेच असतो. म्हणून थोडा वरचा थर मी मुद्दाम खाली सोडून द्यायची. ज्याला हे काम करायचंय त्याने तो लोभ टाळावाच.

मग आरएनए नीट आहे का ते जेलवर बघायचं. त्यात विजेच्या जोरावर लहान-मोठे तुकडे आकारानुसार वेगळे होतात. तिथे मात्र धक्का बसला. चांगल्या आरएनएचे दोन ठळक पट्टे दिसतात, २८एस आणि १८एस (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएचा मोठा आणि लहान रेणू), असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझ्या जेलवर एकच पट्टा! वीज गेली तेव्हा फ्रीजरमधला माल वितळला असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. मॅडमनी जेल बघितलं आणि म्हणाल्या, "खाली धूसर ओघळ आहे का? नाही ना? मग आरएनए उत्तम आहे." कोळंबी, कीटक अशा अनेक संधिपाद प्राण्यांत २८एसच्या मधोमध एक छुपी फट असते. जेलवर चढवण्याआधी आरएनए तापवला की तो तिथे दुभंगतो, आणि दोन्ही तुकडे आकाराने १८एसच्या जवळपास असल्याने सगळे एकाच जागी येऊन बसतात. ही गोष्ट पहिल्याच तासाला शिकवायला हवी, कारण माणसं आणि उंदीर सोडून काम करणाऱ्या कित्येकांचे नमुने याच गैरसमजात फेकले जात असतील.

मग मुख्य पायरी. एकूण आरएनएत बहुतांश भाग रायबोसोमचा असतो, प्रथिनांचा निरोप नेणारा एमआरएनए अगदी थोडा. पण त्याच्या शेपटाला ए अक्षरांची लांब माळ असते. टी अक्षरांचा छोटा प्राइमर, म्हणजे सुरुवात करून देणारा डीएनएचा तुकडा, त्या माळेला जाऊन चिकटतो आणि तिथून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम कामाला सुरुवात करतं : आरएनएत ए असेल तिथे टी, यू असेल तिथे ए, जीसमोर सी, सीसमोर जी. ६५ अंशांवर पाच मिनिटं, लगेच बर्फात, मग एन्झाइम घालून ४२ अंशांवर एक तास. एवढ्यात नळीत सीडीएनए तयार होतो. हे एन्झाइम १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं. माहिती डीएनएकडून आरएनएकडेच जाते, उलट नाही, असं तोवर बहुतेकांनी धरलं होतं. १९७५ साली त्यांना नोबेल मिळालं. माझ्या नळीतलं एन्झाइम मूळचं उंदरांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या विषाणूचं होतं. कोरोनाच्या काळात आपल्या सगळ्यांच्या नाका-घशातल्या नमुन्यांचंही पहिल्यांदा हेच झालं. तो विषाणू आरएनएचा, आणि पीसीआरला, म्हणजे हवा तो तुकडा आवर्तनागणिक दुप्पट करत नेणाऱ्या तंत्राला, लागतो डीएनए. आरटी-पीसीआरमधलं आरटी म्हणजे हीच पायरी, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन.

सीडीएनएत इंट्रॉन, म्हणजे जनुकातले प्रथिनाच्या निरोपात न येणारे मधले तुकडे, नसतात, कारण एमआरएनए पक्का होतानाच ते कापून टाकलेले असतात. म्हणूनच प्राण्याचं जनुक जिवाणूत घालायचं तर सीडीएनए वापरतात. जिवाणूला इंट्रॉन कापता येत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए जनुकांच्या खटल्यात याच फरकावर बोट ठेवलं : निसर्गातला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून त्यावर पेटंट नाही, पण प्रयोगशाळेत घडवलेल्या सीडीएनएवर मिळू शकतं. एक मात्र सांभाळा. अनुवंशिक तपासणीच्या अहवालात बदलाच्या आधी छोटा सी आणि टिंब असतं, तो सी कोडिंग डीएनएचा, कॉम्प्लिमेंटरीचा नव्हे.

माझ्या कामात इंट्रॉनचा एक फायदा मात्र मिळणार नव्हता. एरवी इंट्रॉनच्या दोन्ही बाजूंना बसतील असे प्राइमर घेतले, की चुकून मिसळलेला मूळ डीएनए ओळखू येतो, कारण त्याचा तुकडा लांब निघतो. एचएसपी-७० मध्ये कित्येक प्राण्यांत इंट्रॉनच नसतात. म्हणून डीएनएज हे डीएनए तोडणारं एन्झाइम देऊन आरएनए साफ केला, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर एन्झाइम न घातलेली एक जोडनळी ठेवली. तिच्यात पीसीआरला काही वाढलं, तर ते सीडीएनएवरून नाही, मिसळलेल्या डीएनएवरून आलंय. जोडनळ्या कोऱ्या राहिल्या तेव्हाच मी पुढचे आकडे मानले. ॲक्टिन या, दोन्हीकडे सारखंच चालू असतं असं धरलेल्या जनुकाशी तुलना करता गरम पाण्यातल्या कोळंबीत एचएसपी-७० चा संकेत कितीतरी आवर्तनं आधी उमटला, आणि एक आवर्तन आधी म्हणजे मुळातल्या प्रती जवळजवळ दुप्पट.

उरलेला सीडीएनए उणे २० अंशांवर ठेवला आहे. त्यात त्या घटकेला कल्ल्यांत चालू असलेल्या बाकीच्या जनुकांच्याही प्रती आहेत. आता माझी एक ज्युनिअर त्याच नळ्यांवर कोळंबीच्या रोगप्रतिकारक जनुकांचे प्राइमर लावते आहे. तिला नव्याने पाग टाकायला सांगावं लागलं नाही.