तक्रार मी केली नव्हती

बाल संरक्षण युनिटच्या ताई आमच्या रामबागेतल्या घरी येण्याआधीच सासूबाईंचा फोन येऊन गेला होता. पूर्वीच्या सासूबाई म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही. "हे तूच केलंयस ना गं?"

मी केलं नव्हतं. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कोणीतरी कळवलं होतं की विजय नगरच्या त्या घरात 7 वर्षांच्या मुलाला भल्या पहाटे गॅलरीत उभं करून त्याची ओली चादर त्यालाच धुवायला लावतात. डिसेंबरातलं इंदूर आणि टाकीतलं पाणी! हा मुलगा माझ्या लेकीच्या बाबांचा नाही. त्यांच्या दुसऱ्या बायकोचा, तिच्या पहिल्या लग्नातला. पण लेक महिन्यातले दोन शनिवार-रविवार त्याच घरी राहते, म्हणून चौकशीत तीही आली आणि तिच्यामागून मी. कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात, त्यामुळे 'मी नाही' हे पटवून द्यायला काही सोय नव्हती. तो नाद मी सोडला.

ताईंनी लेक कुठे झोपते ते पाहिलं, शाळेची डायरी चाळली, लसीचं कार्ड मागितलं. घोडं अडलं ते समग्र आयडीपाशी. मध्य प्रदेशात सरकारी नोंदीसाठी कुटुंबाचा 8 आकडी आणि माणसाचा 9 आकडी नंबर असतो, तोच हा. लेकीचं नाव अजून बाबांच्या कुटुंबात, राहते माझ्याकडे. आणि तो मुलगा राहतो विजय नगरला, नाव मात्र उज्जैनला त्याच्या वडिलांच्या समग्रात. फॉर्मवर 'परिवार के सदस्य' एवढा एकच रकाना. ताईंनी कागद उलटा केला, मागे दोन चौकोन आखले आणि मुलांच्या नावांपासून इकडून तिकडे बाण काढले. असले फॉर्म बनवणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे चहाला यावं.

"अब आप थोड़ा अंदर जाइए," त्या म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले. लेकीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. नंतर तिला काय विचारलं, हे मी विचारलं नाही. जाता जाता ताई बजावून गेल्या होत्या, की मूल पढवलेलं वाटलं तर त्याचं खरं बोलणंही वाया जातं.

पुढच्याच शनिवारी तिला पाठवायचं होतं. माझं मन अजिबात होत नव्हतं. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं: कुटुंब न्यायालयाचा आदेश आहे, तो आपल्या मनाने मोडू नका, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली ताब्याचा आणि भेटीचा आदेश बदलून मागता येतो, आजच अर्ज टाकू. टाकला. तो शनिवार कसा गेला ते सांगत नाही.

बाल कल्याण समितीसमोर आम्हा सगळ्यांना एकाच दिवशी बोलावलं. बाकावर मी, लेकीचे बाबा, त्यांची बायको आणि टोकाला उज्जैनहून आलेले त्या मुलाचे वडील. कोणी कोणाकडे बघेना. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि त्यांना प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. तिथे तोंडाला येईल ते बोलून चालत नाही. मला पहिलाच प्रश्न आला, "आपने खुद क्या देखा?" लेकीला आणायला जाई तेव्हा गॅलरीत वाळत घातलेली चादर, आणि एकदा हाक येईपर्यंत बाहेरच थांबलेला तो मुलगा, एवढंच मी पाहिलं होतं. लेकीकडून ऐकलेलं 'लेक म्हणाली' असं सांगून वेगळं ठेवलं. आमच्या घटस्फोटाबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. लेकीच्या ताब्याचं काय, असं मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "वह कुटुम्ब न्यायालय देखेगा."

बाहेर त्यांची बायको माझ्याजवळ आली. "दीदी, गुड़िया को भेजना बंद मत करना, ये उसकी राह देखता है." तिच्या हातात मुलाचं स्वेटर होतं, ती त्याची बाही उलटसुलट करत होती. मी तिला अर्जाचं खरं ते सांगून टाकलं. कोर्टाची नोटीस घरी येऊन तिला कळण्यापेक्षा ते बरं, असं मला वाटलं. ती काही बोलली नाही.

सामाजिक तपासाचा अहवाल 15 दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा असं बाल न्याय कायदा, 2015 म्हणतो. आमच्या बाबतीत मुलाला आईपासून काढलं नाही. अंथरूण ओलं होतं ते डॉक्टरांना दाखवायचं, त्यासाठी शिक्षा नाही, असं हमीपत्र लेकीच्या बाबांकडून आणि त्यांच्या बायकोकडून घेतलं; दोघांना काउन्सेलिंग लावलं आणि ताईंच्या न सांगता भेटी सुरू झाल्या. सासूबाईंना अजूनही मीच केलं असं वाटतं.

कोर्टाने तूर्त फक्त दिवसाची भेट ठेवली आहे. लेक शनिवारी सकाळी दहाला जाते, सहाला परत येते, रविवारी पुन्हा तसंच. समितीच्या पाठपुराव्याची प्रत वकीलबाईंनी मागितली आहे. ती दाखल झाली की रात्रीच्या मुक्कामाचं पुढच्या तारखेला ठरेल.