टाकून देत नाही, शेजारी बसते

"ताई, आमच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून द्याल का?" १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट बंद झाले, तेव्हापासून हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. लॅपटॉप धडधाकट असतो, पण प्रोसेसर जुना म्हणून विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे: टाकून देत नाही, तुम्ही टाका, मी शेजारी बसते. काहींना हा आखडूपणा वाटतो. टाकूनच का देत नाही, असं तुम्हीही विचारलंत म्हणून कारण सांगते.

सगळं काम तासा-दीड तासाचं. त्यातला बराचसा वेळ 'पुढे' म्हणण्यात जातो. खरा प्रश्न एकाच ठिकाणी येतो, डिस्कचे भाग पाडताना. समोर लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी अशी नावं असतात आणि मुलीच्या लग्नाचे फोटो कशात आहेत हे त्यावर लिहिलेलं नसतं. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. मला नसतं.

मी हे शिकले ते नुकसान करून घेऊन. एका रात्री पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर, म्हणजे लिनक्स बसवणारा प्रोग्रॅम, लिहीत होते, डीडी नावाच्या कमांडने. एसडीबी म्हणजे पेन ड्राइव्ह असं डोक्यात धरलं होतं, आणि त्या दिवशी एसडीबी होती बॅकअपची डिस्क. डीडी काही विचारत नाही, लिहायलाच लागते. डिस्कवर काय कुठे आहे याचा नकाशाच सुरुवातीला पुसला गेला. पुढे फोटोरेक या गेलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रॅमने बहुतेक फोटो शोधून दिले, पण फाइलींची नावं आणि फोल्डर गेले ते गेलेच. हजारो फोटो, एफ आणि आकडे एवढीच नावं. कुठला फोटो कुठल्या वर्षीचा, हे आम्ही आईला विचारून विचारून अजून लावतोय.

म्हणून माझ्याकडे पहिली कमांड एलएसबीएलके, जी सगळ्या डिस्क आणि त्यांचे आकार दाखवते, आणि आकडे मोठ्याने वाचायचे, लॅपटॉपच्या मालकानेच. "४६५.८ जी, ही लॅपटॉपची डिस्क." पाचशे जीबीची डिस्क तिथे अशीच दिसते. "१४ पॉइंट काहीतरी, हा पेन ड्राइव्ह." मग एंटर. विंडोज ठेवायचं असेल तर एफएटी३२ ची ती छोटी ईएफआय पार्टिशन, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना लागणारा डिस्कचा भाग, फॉरमॅट करायची नाही, आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्यायची.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यातलं मी डेबियन सुचवते. १९९३ पासून स्वयंसेवक ते चालवत आहेत आणि ते उगाच बदलत नाही. पूर्वी वायफायचं फर्मवेअर, म्हणजे वायफायचा भाग चालवणारी फाइल, वेगळं शोधावं लागायचं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच असतं. रॅम चार जीबी असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारला की रिकामा सोडा, म्हणजे तुमच्याच खात्याला सुडो, म्हणजे ते अधिकार वापरायची मुभा, मिळतो. हे न सांगितल्यामुळे लोक पहिल्याच संध्याकाळी अडकतात.

आणि घड्याळ. नंतर विंडोज उघडलंत आणि सकाळी अकरा वाजता साडेपाच दिसले तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं. आपल्याकडे फरक बरोबर साडेपाच तासांचा. एका कमांडने तो जातो.

आता मराठी. यासाठी मी वेगळा वेळ राखून ठेवते, कारण लॅपटॉप आपला वाटू लागतो तो इथे. इन्स्टॉलरची भाषा मराठी निवडता येते, पण ग्राफिकल इन्स्टॉलरमध्येच. साध्या काळ्या पडद्याला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. कीबोर्डच्या यादीत भारतीय कीबोर्डांखाली मराठी इन्स्क्रिप्ट, ही भारतीय भाषांची प्रमाणित कळरचना, घ्यायचा. मग मी दोनच शब्द टाइप करायला लावते: दर्या आणि दऱ्या. पहिल्यात 'र्य'साठी जे, डी आणि तिरकी रेघ. दुसऱ्यात शिफ्ट धरून जे, पुढचं तेच. एकात समुद्र, दुसऱ्यात सह्याद्री.

आमच्या शेजारच्या निवृत्त बाईंनी तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. मोबाइलवर 'दुसर्‍या'चा रफार होऊन 'दुसर्या' दिसला की त्यांचा जीव तुटायचा. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतः डेबियन बसवलं, एलएसबीएलकेचे आकडे वर्गात वाचावेत तसे खणखणीत वाचले, आणि शेवटी 'दऱ्या' उमटल्यावर त्याखाली एका दमात लिहिलं: पुऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, कोऱ्या, साऱ्या.

तर रविवारी सकाळी या. चार्जर आणा, रिकामा पेन ड्राइव्ह आणा, आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती डिस्क घरीच ठेवून या.